रंगपंचमी, कॅज्युअल्टी आणि तुमचा थिसिस: नेत्रविभागात संशोधन कसं करायचं आणि कसं शिकवायचं, टप्प्याटप्प्याने

दरवर्षी रंगपंचमीला आपल्या इंदुरात गेर (रंगांची मिरवणूक) निघते, राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि दुपार कलली की डोळा चोळत चोळत लोक कॅज्युअल्टीत यायला लागतात. कुणाच्या डोळ्यात गुलाल, कुणाच्या पक्का रंग, कुणाला पाण्याचा फुगा थेट बुबुळावर लागलेला. मी रेसिडेंट होतो तेव्हापासून हे बघतोय. आणि नवीन मुलांना संशोधन म्हणजे काय आणि डोळा तपासायला शिकायचं म्हणजे काय, हे दोन्ही समजवायला मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलं नाही, म्हणून हा अख्खा लेख त्याच एका उदाहरणावर उभा केलाय. तुम्ही एमएस करत असाल, ऑप्टोमेट्रीच्या मुलांना शिकवत असाल, किंवा नुकतेच असिस्टंट प्रोफेसर होऊन पहिल्यांदाच कुणाचे गाईड झाला असाल तर तुमच्यासाठी आहे.

माझं म्हणणं एकच आहे ते आधी सांगतो. संशोधन वेगळं आणि शिकवणं वेगळं असं नसतं. तोच डोळा दोघांनी वेगवेगळा तपासला तर दोघांच्या कागदावर एकच आकडा यायला हवा, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही उभं असतं. तो आकडा जुळत नसेल तर थिसिसही खोटा आणि शिकवणंही कच्चं.

आधी प्रश्न

बहुतेक मुलं उलटीकडून सुरुवात करतात. सिनॉप्सिसची (थिसिसच्या आराखड्याची) तारीख आठवड्यावर आली की गाईडकडे जाऊन म्हणतात सर एखादा टॉपिक द्या ना, आणि मग मिळतं ते "अमुक रुग्णालयातील रुग्णांमध्ये तमुक आजाराचा अभ्यास". यात प्रश्न कुठेय? प्रश्न असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह लागतं. लागत नसेल तर तो विषय आहे, आणि विषयाला उत्तर नसतं.

मी माझ्या रेसिडेंटना पहिल्याच महिन्यात एक काम देतो. ऍप्रनच्या खिशात छोटी वही ठेवायची, आणि दोन आठवडे ओपीडीत किंवा वॉर्डात जेव्हा जेव्हा तुम्ही विचाराल "हे असं का करतो आपण" आणि सीनियर म्हणेल "आपल्याकडे असंच करतात", तेव्हा ते वाक्य लिहून ठेवायचं. बास. दोन आठवड्यांत सहज पंधरा-वीस वाक्यं जमतात. मग बसून खोडायला घ्यायचं: जे मोजता येत नाही ते खोडा, ज्याचे पेशंट आपल्याकडे वर्षातून चारच येतात ते खोडा, ज्याला लागणारं मशीन आपल्याकडे नाही ते खोडा. जे दोन-तीन उरतात ते घेऊन पबमेडवर (वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट) बसा आणि बघा की याचं उत्तर आधीच पक्कं मिळालंय का. शोधताना नुसता मराठी-हिंदी डोक्यातला शब्द इंग्रजीत टाकून चालत नाही, त्या आजाराची दोन-तीन नावं, उपचाराची दोन-तीन नावं असं आलटून पालटून शोधावं लागतं, आणि कॉलेजच्या लायब्ररीयनला एकदा विचाराच, या लोकांना खूप माहीत असतं आणि कुणी विचारत नाही.

रंगपंचमीचा प्रश्न असाच एका वहीतून आला. एका रेसिडेंट मुलीने लिहिलं होतं: "काही जण तिथल्या तिथे हातपंपावर डोळा धुऊन येतात, काही जण घरी जेवून पाच तासांनी येतात, फरक पडतो का?" किती चांगला प्रश्न आहे बघा. आता याला पाच खिळे मारायचे: कोण, काय झालं, कशाशी तुलना, काय मोजणार, केव्हा मोजणार. मग तो असा होतो: डोळ्यात रंग गेल्यावर दहा मिनिटांच्या आत साध्या पाण्याने डोळा धुतलेल्या पेशंटमध्ये, उशिरा किंवा अजिबात न धुतलेल्यांच्या मानाने, पहिल्या तपासणीत बुबुळाचा वरचा थर सोलला गेल्याचं प्रमाण कमी असतं का? हे वाक्य एवढं नेमकं झालं ना की फॉर्म आपोआप तयार होतो, कारण वाक्यातला एकेक शब्द म्हणजे फॉर्मचा एकेक रकाना.

आणि कॅलेंडर बघा. एमएस तीन वर्षांचं, त्यात कामाच्या रंगपंचमी मिळतात दोनच. एक चुकली की निम्मा थिसिस गेला. म्हणून मागून मोजत या: रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला, एथिक्स कमिटीची मंजुरी त्याच्या आधी हातात हवी, कमिटी दर महिन्याला बसतेच असं नाही, म्हणजे प्रोटोकॉल दिवाळीच्या आसपास लिहून झालेला पाहिजे.

मोजणं, आणि इथे घाई करू नका

माझ्या स्वतःच्या थिसिसमधली गोष्ट सांगतो. जिथे शिकत होतो तिथे व्हिजन दोन खोल्यांमध्ये घ्यायचे. एका खोलीत सरळ ६ मीटर अंतर होतं, दुसऱ्या खोलीत ३ मीटरवर आरसा लावलेला आणि वरची ट्यूब अर्धी गेलेली. सातव्या महिन्यात एका पेशंटचं व्हिजन एकाच सकाळी चुकून दोन्ही खोल्यांत घेतलं गेलं, एकीकडे ६/१२ आलं, दुसरीकडे ६/१८ (खालचा आकडा मोठा म्हणजे दिसतं कमी). त्या रात्री मी सगळे कागद काढून बसलो आणि कळेना की कुठला पेशंट कुठल्या खोलीतला, कारण ते मी लिहिलंच नव्हतं. जवळजवळ निम्म्या लोकांचं व्हिजन वापरता आलं नाही. ती माणसं गावाहून बस पकडून माझ्या सांगण्यावरून फॉलोअपला आली होती, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कुठलाही अभ्यास सुरू करायच्या आधी मी अख्खे दोन दिवस नुसते मोजण्यावर घालवतो.

व्हिजनपासून सुरू करू. स्नेलनचा चार्ट १८६२ चा, आणि रोजच्या ओपीडीला तो ठीकच आहे. पण त्यात वरच्या ओळीत एकच अक्षर, खाली येता येता अक्षरं वाढत जातात, दोन ओळींमधली पायरी सारखी नाही, त्यामुळे "दोन ओळी सुधारलं" या वाक्याचा अर्थ दरवेळी वेगळा होतो. अभ्यासासाठी लॉगमार चार्ट वापरा, १९७६ साली आलेल्या बेली-लोवी पद्धतीचा, त्यात प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, प्रत्येक ओळ ०.१ ची आणि प्रत्येक अक्षर ०.०२ चं. ६/६ म्हणजे ०, ६/१२ म्हणजे ०.३, ६/१८ म्हणजे ०.४८, ६/६० म्हणजे १. अक्षरओळख नसलेल्यांना ई चा चार्ट, आणि चार बोटांनी दिशा दाखवायचा सराव आधी जवळून करून घ्या. नाहीतर मालव्यातली एखादी आजी लाजून गप्प बसते आणि आपण लिहितो की दिसत नाही.

सरासरी काढताना काय होतं बघा. दोन डोळे, एक ६/६ आणि एक ६/६०. मुलं काय करतात, १ आणि ०.१ ची सरासरी ०.५५, म्हणजे साधारण ६/११. लॉगमारमध्ये ० आणि १ ची सरासरी ०.५, म्हणजे साधारण ६/१९. केवढा फरक! बरोबर दुसरं आहे, कारण डोळ्याची पायरी गुणाकाराने चढते, बेरजेने नाही.

आता आपल्या अभ्यासातलं मुख्य मोजमाप, म्हणजे सोललेला थर. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) बसवायचं, फ्लुरोसिनची पट्टी सलाईनच्या एका थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवायची, दोन-तीन वेळा डोळा मिटायला सांगायचा, निळा प्रकाश लावला की सोललेला भाग हिरवा चमकतो. मोजायचं कसं, तर सगळ्यात लांब बाजू आणि तिला काटकोनात असलेली बाजू, दोन्ही स्लिटच्या उंचीच्या स्केलवर मिलिमीटरमध्ये. बारीक टिपके म्हणजे सोललेला थर नव्हे, हेही आधीच ठरवा आणि लिहून ठेवा, कारण रात्री अकराला थकलेला रेसिडेंट ते वेगळं ठरवेल.

आणि आता खरी परीक्षा. जे दोन-तीन जण मोजणार आहेत त्यांनी आधी दहा-बारा पेशंट एकमेकांचं न बघता मोजायचे. "आहे किंवा नाही" यासाठी कॅपा (kappa, दोघांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढा, मिलिमीटरसाठी दोघांच्या आकड्यांमधला फरक काढून ब्लँड-ऑल्टमनचा आलेख काढा. इथे एक चूक मी सतत बघतो, लोक कोरिलेशन (दोघांचे आकडे किती सोबत वाढतात-घटतात ते) काढतात आणि ०.९५ आलं म्हणून खूश होतात. अहो, एक जण दरवेळी ३ मिलिमीटर जास्तच मोजत असेल तरी कोरिलेशन पूर्ण १ येईल, पण दोघांचा एकही आकडा जुळणार नाही! डोळ्याचं प्रेशर, डिस्कचा (डोळ्यामागे नस जिथे सुरू होते ती चकती) कप, कॉर्नियाची जाडी, सगळीकडे हेच. सोबत चालणं म्हणजे जुळणं नव्हे.

प्रेशरचं म्हणाल तर रंगाच्या पेशंटमध्ये थर सोललेला असताना डोळ्याला टेकवून प्रेशर बघायला जाऊ नका. बाकी अभ्यासांसाठी साधा नियम, दोनदा मोजा, फरक २ मिमी पाऱ्यापेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा घ्या. कॉलर सैल करायला सांगा, श्वास रोखून बसलेला पेशंट खोटं वाढलेलं प्रेशर दाखवतो.

किती पेशंट लागतील

आपल्याकडे एक सोपं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, ४ गुणिले पी गुणिले क्यू भागिले डी वर्ग (पी म्हणजे अंदाजे टक्के, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे किती टक्के इकडे-तिकडे चालेल). समजा आपला अंदाज आहे की येणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांमध्ये थर सोललेला असेल. उत्तर ५ टक्के इकडे-तिकडे चालेल असं म्हणालात तर ४ × ३० × ७० भागिले २५, म्हणजे ३३६. १० टक्के इकडे-तिकडे चालेल तर भागिले १००, म्हणजे ८४. काही फॉर्म अर्धवट राहतील म्हणून १० टक्के धरून ९४.

पण थांबा, हे सूत्र फक्त "किती टक्के" या प्रश्नाचं आहे. आपला प्रश्न तुलनेचा आहे. लवकर धुतलेल्यांमध्ये २० टक्के आणि उशिरा धुतलेल्यांमध्ये ४० टक्के एवढा फरक पकडायचा असेल, नेहमीच्या ५ टक्के चुकीच्या आणि ८० टक्के पॉवरच्या (खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता) हिशोबाने, तर प्रत्येक गटात सुमारे ८० पेशंट लागतात, म्हणजे एकूण १६०. सूत्र चुकीचं लावलं की इथे थिसिस अडकतो आणि कळतं दीड वर्षाने. म्हणून मागच्या तीन वर्षांचं कॅज्युअल्टीचं रजिस्टर काढून रंगाचे किती पेशंट आले ते हाताने मोजा. कमी पडत असतील तर धुळवडीचे पेशंटही घ्या, दोन्ही वर्षं धरा, किंवा गावातल्या दुसऱ्या नेत्ररुग्णालयाला सोबत घ्या. तेही जमत नसेल तर प्रश्न लहान करा, तुलना सोडून "किती टक्के" एवढंच विचारा. लहान प्रश्नाचं खरं उत्तर केव्हाही बरं.

संमतीपत्र

रंग डोळ्यात घेऊन आलेल्या माणसासमोर आधी फॉर्म धरायचा नाही. आधी धुवायचं. लिटमस पट्टी टेकवून पीएच बघा आणि लगेच सलाईन सुरू करा, वरची पापणी उलटी करा, आतल्या कोपऱ्यांतून ओल्या कापसाच्या काडीने रंगाचे कण काढा, पीएच नॉर्मल येईपर्यंत धुवा, थांबून पाच-दहा मिनिटांनी परत बघा. व्हिजनही धुतल्यानंतर. अभ्यासाची गोष्ट पेशंट शांत बसल्यावर काढायची, आणि नाही म्हणाला तर उपचारात तसूभर फरक पडता कामा नये, हे त्यालाही ऐकू येईल असं सांगा.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा स्वतः वाचा, गाईडने सांगितलं तेवढ्यावर राहू नका. लहान मुलांसाठी आई-वडिलांची सही लागते आणि ७ वर्षांच्या पुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते, ७ ते १२ तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. अंगठा घेतला तर एक साक्षीदार, जो आपल्या टीममधला नसेल. तुम्ही पेशंटना दोन गटांत वाटून उपचार देणार असाल, म्हणजे ट्रायल असेल, तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची नोंदवही) नोंदणी हवीच, १५ जून २००९ पासून ती बंधनकारक आहे.

भाषेबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. आपल्याकडे संमतीपत्र छापलेलं असतं ते अशा हिंदीत की ते वाचून वकीलही गोंधळेल. इथला पेशंट मोतीबिंदूला मोतिया म्हणतो, काचबिंदूला काला मोतिया, बुबुळावरच्या पांढऱ्या डागाला फूली, डोळ्यावर चढणाऱ्या पडद्याला नाखूना. रामबागेतली, लोकमान्य नगरातली आपली मराठी मंडळी फूल पडलं म्हणतात. हेच शब्द कागदावर लिहा. आणि कागद चालतो की नाही याची तपासणी एकच, पेशंटला वाचून दाखवा आणि म्हणा की काका, आता तुम्ही मला सांगा मी काय करणार आहे. ते सांगू शकले नाहीत तर कागद बदला.

फॉर्म आणि एक्सेल

फॉर्म एक पानाचा. दोन पानांचा केला की दुसरं पान कोरं राहतं. धुळवडीला पायलट (छोटी चाचणी) करा, आठ-दहा पेशंटवर, आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या रंगपंचमीला सुधारलेला फॉर्म घेऊन बसा, आपल्या गावाला ही सोय आहे तर वापरून घ्या. (फॉर्ममध्ये मोठा बदल झाला तर कमिटीला कळवावं लागतं, म्हणून मोठे बदल पायलटच्या आधीच संपवा.) आमच्या पायलटमध्ये "डोळा धुतला का? हो/नाही" असा प्रश्न होता आणि सगळ्यांनी हो सांगितलं. मग तो असा केला: रंग कुठे लागला, तिथून पाण्यापर्यंत कसे गेलात, धुवायच्या आधी काय काय केलं. माणसाला घटना आठवते, मिनिटं आठवत नाहीत, म्हणून घटना विचारा आणि मिनिटं आपण काढा.

एक्सेलमध्ये एक पेशंट म्हणजे एक ओळ, उजवा आणि डावा डोळा वेगळे कॉलम. रिकामा रकाना, शून्य आणि "विचारलंच नाही" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना वेगळे कोड द्या. एका रकान्यात दोन गोष्टी लिहू नका, रंग भरून अर्थ सांगू नका, सेल जोडू नका. नावं आणि नंबर वेगळ्या वहीत, कुलुपात. रोजचं रोज भरा.

आकडे आले की आधी तपासा, मग गणित. दोन्ही डोळ्यांना रंग लागला असेल तर ४० पेशंटचे ८० डोळे म्हणजे ८० वेगळे पुरावे होत नाहीत, एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे वागतात. कुठला डोळा घ्यायचा, जास्त खराब की उजवा, हे प्रोटोकॉलमध्येच ठरवा, किंवा दोन्ही घ्या आणि स्टॅटिस्टिशियनला ते आधी सांगा, त्यासाठी वेगळी पद्धत असते. आणि लवकर धुतलेल्यांचे डोळे बरे निघाले तरी लगेच "धुतल्यामुळे वाचले" लिहू नका. कदाचित ज्यांना कोरडा गुलाल लागला ते लवकर धुऊ शकले आणि पक्का रंगवाले नाही. म्हणून रंग कोरडा की ओला हे विचारलेलं हवं आणि दोन्ही प्रकारांत वेगवेगळं बघायला हवं. शिवाय धुऊन बरे वाटलेले कित्येक जण घरीच राहिले, ते तुमच्या यादीत नाहीतच.

आता शिकवण्याकडे वळतो

वर जे मोजण्याचं सांगितलं तेच शिकवणं आहे, फक्त रोजचं. ओपीडीत शंभर पेशंट असताना कसं शिकवायचं? एका दिवशी एकच गोष्ट. सोमवारी फक्त बाहुलीची प्रतिक्रिया, मंगळवारी फक्त अँटीरियर चेंबरची (बुबुळामागच्या पाण्याच्या जागेची) खोली. ज्युनियरने पेशंट बघितला की "काय आहे" सांगायच्या आधी त्याला विचारा तुला काय वाटतं आणि कशावरून वाटतं, आणि मग एकच सुधारणा सांगा. पाच सांगितल्या तर शून्य लक्षात राहतात.

हाताचं कौशल्य असेल तर "एकदा बघा, एकदा करा, एकदा शिकवा" ही जुनी पद्धत डोळ्याला पुरत नाही. पेटनची चार पायऱ्यांची पद्धत वापरा: आधी काहीही न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा, मग हळूहळू बोलत करा, मग शिकणाऱ्याने बोलायचं आणि तुम्ही त्याच्या सांगण्याबरहुकूम करायचं, शेवटी त्याने बोलत स्वतः करायचं. तिसरी पायरी सगळे गाळतात आणि तीच सोन्यासारखी आहे, त्याच्या डोक्यात काय गोंधळ आहे ते तिथेच कळतं. रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून चष्म्याचा नंबर काढणं) अशी शिकवून बघा. ६६ सेंटिमीटरवर बसलास तर १.५ वजा करायचं, १ मीटरवर १, अर्ध्या मीटरवर २, हे सगळ्यांना पाठ असतं, पण बोलत करायला लावलं की कळतं पोरगा बसलाय अर्ध्या मीटरवर आणि वजा करतोय दीड. दोरी बांधा रेटिनोस्कोपला, ६६ सेंटिमीटरची. खरंच बांधा.

डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपचं (डोळ्याच्या आत बघायचं हातातलं साधन) दुखणं वेगळं, विद्यार्थी "दिसलं सर" म्हणतो आणि आपल्याला त्याच्या डोळ्यातून बघता येत नाही. यावर उपाय म्हणजे फोटो जुळवणं. पाच-सहा जणांच्या डिस्कचे फोटो काढून नंबर देऊन टेबलावर मांडा, विद्यार्थ्याने डोळा बघून सांगायचं हा फोटो कितवा. ज्याला दिसलं नाही तो जुळवू शकत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी बाजूने टॉर्च मारून चेंबर उथळ नाही ना ते विद्यार्थ्यालाच बघायला लावा.

आकडेशास्त्र शिकवायचं तर स्लाईड नको, फळा आणि शिबिर पुरे. समजा गावातल्या काचबिंदू शिबिरात १००० लोक, त्यांतल्या ३० जणांना खरंच काचबिंदू, आपली तपासणी ८० टक्के आजारी पकडते आणि ९० टक्के निरोगी बरोबर सोडते. म्हणजे ३० पैकी २४ पकडले, आणि ९७० निरोग्यांपैकी ९७ जणांना उगीच घाबरवलं. "संशयित" म्हणून सांगितलेल्या १२१ पैकी खरे २४, पाचात एक! तीच तपासणी ज्या क्लिनिकमध्ये १००० पैकी ३०० जणांना आजार आहे तिथे लावा, २४० खरे आणि ७० खोटे. मशीन तेच, अर्थ बदलला. मुलांकडून हे खडूने करून घ्या, परत विसरत नाहीत.

वेट लॅब आणि ओटी

वेट लॅब म्हणजे पेशंटच्या आधी प्राण्याच्या डोळ्यावर ऑपरेशनचा सराव. बकऱ्याचे डोळे मटणाच्या दुकानातून सकाळी सकाळी आणायचे, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर ते नीट काढून देतात. बर्फाच्या डब्यात आणा, त्याच दिवशी वापरा, नंतर बुबुळ धुरकट होतं. थर्माकोलमध्ये खड्डा करून टाचण्यांनी बसवा, डोळा मऊ पडला असेल तर मागून नसेच्या बाजूने सिरींजने सलाईन भरून घट्ट करा. झाल्यावर सगळं पिवळ्या पिशवीत. इंदुरात बरेच रेसिडेंट जैन घरातले असतात, त्यांना बकऱ्याचा डोळा नको असतो, त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. टोमॅटोच्या सालीवर रेक्सिस (लेन्सच्या पिशवीचं वरचं आवरण गोल सोलणं) होतो, सफरचंदावर टनेलचा (डोळ्यात शिरायच्या बोगद्यासारख्या चिरेचा) सराव होतो, कृत्रिम डोळेही मिळतात.

एसआयसीएसचं (छोट्या चिरेतून हाताने करायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन) टनेल शिकवताना एकच गोष्ट नीट शिकवा, खोली. लिंबसच्या (बुबुळ आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती कड) दीड-दोन मिलिमीटर मागे चीर, निम्म्या जाडीपर्यंत, आणि क्रिसेंट ब्लेड पुढे जाताना वरच्या थरातून जेमतेम दिसत राहिलं पाहिजे. फारच स्वच्छ दिसतंय म्हणजे वर आलात, छताला भोक पडेल. दिसेनासं झालं म्हणजे खोल गेलात, वेळेआधी आत शिराल. हे सफरचंदावरही दिसतं.

ओटीत पहिल्या केसपासून अख्खं ऑपरेशन हातात देऊ नका, आणि सुरुवात शेवटाकडून करा. आधी दहा केसमध्ये फक्त शेवटची धुलाई आणि चेंबर भरणं, मग लेन्स बसवणं, मग टनेल, मग रेक्सिस, न्यूक्लियस (मोतीबिंदूचा कडक गाभा) काढणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीसाठी वेळ ठरवा, तेवढ्यात झालं नाही तर न रागावता साधन परत घ्यायचं, आणि हे आधीच ठरलेलं असलं की कुणाला अपमान वाटत नाही.

रागावण्यावरून आठवलं. पेशंट जागा असतो, डोळाच तेवढा सुन्न केलेला असतो. खूप वर्षांपूर्वी मी एका रेसिडेंटला ऑपरेशन चालू असताना मराठीत मोठ्याने बोललो, वाटलं पेशंटला कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही त्या पोरावर ओरडलात ना, मी रात्रभर झोपले नाही, वाटलं डोळा गेला." रामबागेतल्या निघाल्या. डोळा उत्तम होता, पण ती रात्र मी त्यांना परत देऊ शकत नाही. आता आमच्या टेबलावर ठरलेले शब्द आहेत. "जरा बघू" म्हणजे थांब, मनगटाला बोट लावलं म्हणजे साधन बाहेर काढ. बाकी सगळं बोलणं ऑपरेशननंतर, चहावर.

चहावर काय बोलायचं तर ऑस्करचा तक्ता भरायचा, इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने ऑपरेशनच्या एकेका पायरीसाठी नवशिक्यापासून सक्षमपर्यंत नेमकी वर्णनं दिलेली आहेत, एसआयसीएसचा वेगळा, फेकोचा (अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन) वेगळा. "ठीक केलंस" यापेक्षा "कड एका बाजूला पळाली आणि तू ती परत आणलीस" हे त्याच्या कामाचं असतं. त्याच दिवशी भरा, आठवड्याने भरलेला तक्ता म्हणजे अंदाज. व्हिडिओ असेल तर पूर्ण बघू नका, एका पायरीची तीन मिनिटं बघा. आणि रेसिडेंटने आपल्या केसचा हिशोब स्वतः ठेवावा: डब्ल्यूएचओने सांगितलेलं प्रमाण असं, की ऑपरेशननंतर पेशंटकडे जो काही चष्मा आहे त्याने ८० टक्क्यांहून जास्त डोळ्यांना ६/१८ किंवा चांगलं दिसावं, योग्य नंबर लावल्यावर ९० टक्क्यांहून जास्त, आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे ५ टक्क्यांच्या आत. ८० आणि ९० मध्ये आपलं अंतर जास्त निघालं तर चूक बहुतेक हातात नसते, लेन्सचा नंबर काढण्यात किंवा चष्मा न देण्यात असते. फॉलोअपला न आलेल्यांना "बरे" धरू नका, फोन करा.

शेवटचं काम थिसिस सबमिट झाल्यावरचं. फॉर्मचा गठ्ठा, कोडची यादी, कोरा फॉर्म आणि "पुढच्या वेळी हे बदला" असं एक पान, सगळं एका फाईलमध्ये घालून विभागाच्या कपाटात ठेवा आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला धुळवडीच्या आधी स्वतः उघडून दाखवा. आमच्या त्या पानावर सध्या तीन ओळी आहेत: चष्मा घातला होता का हे विचारलं नव्हतं, ते विचारा. लिटमस पट्ट्या संध्याकाळी सातला संपल्या, दुप्पट मागवा. आणि प्रश्न चार, "पाणी कुठलं होतं", याच्यात टँकरचं हा पर्याय घाला.